क्लासिकल ख्रिस्ती शिक्षण आणि आई-पप्पांचा वाटा : पुण्यातले पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमच्या शनिवारच्या वर्गाला नवीन पालक आले की तेच तेच प्रश्न येतात, आणि दर वेळी चर्चच्या आवारात उभ्या उभ्या अर्धीच उत्तरं दिली जातात कारण तेवढ्यात कुणाची तरी गाडी मागे अडकलेली असते आणि तो हॉर्न मारत असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम वगैरे लावलेला नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि वाचा.

हे म्हणजे कॉन्व्हेंटच ना?

नाही. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला टाय, इंग्लिश, शिस्त आणि ॲडमिशनची धावपळ आठवते. पुण्यात मिशनच्या काही शाळा दीडशे वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांनी सगळ्या जातीधर्माची पिढ्यानपिढ्या मुलं शिकवली, त्याबद्दल आदरच आहे, पण त्यांचा अभ्यासक्रम बोर्डाचा आणि बायबल एका पिरियडपुरतं. क्लासिकल ख्रिस्ती शिक्षण ही शिकवण्याची एक जुनी पद्धत आहे. युरोपात मध्ययुगात सात विद्या शिकवायचे, त्यातल्या पहिल्या तीन म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व, आणि पुढच्या चार अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. मुलाला माहिती किती आहे यापेक्षा ते विचार कसा करतं, बोलतं कसं आणि मुख्य म्हणजे त्याला आवडतं काय, यावर सगळा भर. आणि ख्रिस्ती एवढ्यासाठी, की या सगळ्याचा मालक एकच देव आहे असं धरून चालायचं, गणितात वेगळा देव आणि रविवारी वेगळा देव असं नाही.

मग तुमची शाळा कुठे आहे?

शाळा नाहीच. मुलं आपापल्या शाळेत जातात, कुणी एसएससी, कुणी सीबीएसई. आम्ही काही कुटुंबं शनिवारी कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये जमतो आणि आठवड्याचं बाकी काम घरी होतं. दाखला, मार्कशीट, युनिफॉर्म, गॅदरिंग यातलं काहीही मिळणार नाही.

ते तीन टप्पे जरा समजून सांगा ना

१९४७ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी सेयर्स नावाच्या बाईंनी एक निबंध वाचला (या बाई डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायच्या, हे मला फार आवडतं). त्यांचं म्हणणं असं की त्या जुन्या तीन विद्या मुलांच्या तीन वयांना बरोबर बसतात. पहिलं पोपटाचं वय, साधारण चौथी-पाचवीपर्यंत, जे कानावर पडेल ते पाठ होतं आणि मजाही येते. मग उलट उत्तरांचं वय, सहावी ते आठवी, ज्यात मुलाला प्रत्येक गोष्टीत चूक काढायची असते. आणि मग कवितेचं वय, स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतं आणि आपल्याला कुणीच समजून घेत नाही असंही वाटत असतं. सेयर्सबाईंचा सल्ला एवढाच की त्या त्या वयाशी भांडत बसू नका, ते वापरा. पोपटाच्या वयात पाढे, वचनं, कविता, व्याकरणाची रूपं, इतिहासाचे सन. उलट उत्तरांच्या वयात तर्कशास्त्र, वादविवाद. नंतर भाषण आणि लेखन.

गंमत म्हणजे त्याच निबंधात त्यांनी लिहून ठेवलंय की हे प्रत्यक्षात कुणी करेल याची शक्यता अगदी कमी आहे. पुढे अमेरिकेत लोकांनी त्यावर शाळा काढल्या.

म्हणजे ही अमेरिकेतून आणलेली फॅशन आहे का?

आजचं हे रूप तिकडचं आहे, हे खरंच आहे, लपवायचं काय त्यात. तिकडचं सगळं आम्हाला पटतं असंही नाही. त्यांची पुस्तकं इथे जशीच्या तशी आणली की मुलाला रोमच्या सगळ्या लढाया माहीत असतात आणि शनिवारवाडा कुणी बांधला हे सांगता येत नाही, हे पुण्यात राहून जरा लाजिरवाणंच.

पण पाठांतर, शास्त्रार्थ, वक्तृत्व या गोष्टी महाराष्ट्राला कुणी शिकवायला हव्यात का? इथे पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली माणसं अजून जिवंत आहेत. वसंत व्याख्यानमाला याच गावात १८७५ पासून आहे आणि लोक उन्हाळ्यात जाऊन भाषणं ऐकतात, आवडीने. आणि पंडिता रमाबाईंचं बघा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी समाजाचा विरोध सहन केला. त्या आईने लेकीला शिकवलं, शाळा नाही, बाक नाही, तीर्थयात्रेत चालता चालता, पुराणांचे हजारो श्लोक तोंडपाठ. १८७८ मध्ये कलकत्त्यातल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं तेव्हा त्या विशीत होत्या. पुढे ख्रिस्ती झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पूर्ण बायबल मराठीत आणलं, ते पुणे-दौंड लाइनवरच्या केडगावला बसून. आईवडिलांनी लहानपणी जे पेरलं ते आईवडिलांनी कल्पनाही केली नसेल अशा कामी आलं. आम्हाला जे म्हणायचंय ते या एका घरात सगळं आहे, फक्त ते घर त्यावेळी ख्रिस्ती नव्हतं, आणि तेही मान्य करायला हवं.

पाठांतर म्हणजे घोकंपट्टीच की

घोकंपट्टी परीक्षेसाठी असते आणि परीक्षा झाली की जाते. आम्ही जे पाठ करून घेतो त्याची परीक्षाच नाही. स्तोत्र २३, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली 'ते धन्य' अशी वचनं, दहा आज्ञा, 'उपासना संगीत' या पुस्तकातली गीतं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या कविता, तीसपर्यंत पाढे. पहिलीतल्या मुलाला स्तोत्र २३ मधल्या 'मृत्युच्छायेच्या दरी'चा अर्थ कळतो का, नाही कळत. पण ज्या दिवशी कळायची वेळ येईल त्या दिवशी पुस्तक शोधायला सवड नसते. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

पालकांसोबत भागीदारी म्हणता, म्हणजे पीटीएमला यायचं का?

पीटीएमला आपण रिपोर्ट ऐकायला जातो आणि घरी येऊन मुलाला झापतो. भागीदारी ती नाही.

इथे मूळ विचारच उलटा आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की शिक्षण हे शाळेचं काम आणि पालकांनी फी, डबा, रिक्षा आणि होमवर्क बघायचं. बायबल असं म्हणत नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात देवाच्या आज्ञा, म्हणजे या गोष्टी, मुलांच्या मनावर ठसवा असं सांगितलंय ते आईबापांना, आणि कधी तर घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. म्हणजे दिवसभर, चालू कामात. इफिसकरांस पत्र ६:४ मध्येही जबाबदारी थेट बापांवर टाकलीय. बापांवर, हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडे फॉर्म आणि फोन सगळे आयांचेच येतात. कॅथलिक मंडळींनीही १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणावरच्या घोषणापत्रात हेच सांगितलंय, की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील. तेव्हा शिक्षकाकडे जो अधिकार आहे तो तुम्ही दिलेला, काही विषयांपुरता, काही तासांपुरता. तुम्ही तो देताय म्हणजे तो मुळात तुमचा आहे.

आता याचे दोन अर्थ होतात आणि पालकांना फक्त पहिला आवडतो. पहिला, तुम्हाला वर्गात येऊन बसायचा, विचारायचा, नको म्हणायचा हक्क आहे, आम्ही काय शिकवतो ते आधी तुम्हाला कळलं पाहिजे. दुसरा, तुम्ही कस्टमर नाही. पैसे भरले, आता माझं मूल सुसंस्कारी करून द्या, असं होत नाही. आम्ही शनिवारी नम्रतेवर धडा घ्यायचा आणि तुम्ही रविवारी चर्चमधून बाहेर पडताच पाळकसाहेबांच्या उपदेशाची गाडीत चिरफाड करायची, तर मूल कुणाचं ऐकेल? तुमचंच. आमच्या हातात आठवड्यातले काही तास, तुमच्याकडे बाकी सगळा आठवडा.

त्यामुळे प्रवेशाच्या वेळी आम्ही मुलाची टेस्ट घेत नाही, आईपप्पांशी बोलतो, दोघांशी. घरी प्रार्थना होते का, कोण घेतं, टीव्ही कधी बंद होतो, भांडण झाल्यावर माफी कोण मागतं. काही जणांना हे फार पर्सनल वाटतं. आहेच.

आम्ही दोघंही जॉबला. हिंजवडीहून घरी यायला आठ वाजतात. कधी करायचं हे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात प्रामाणिकही. आम्ही रोज दोन तास मागत नाही. रात्रीच्या जेवणाला मोबाईल बाजूला आणि एक प्रश्न, म्हणजे 'आज काय झालं' असा नाही कारण त्याचं उत्तर 'काही नाही' असतं, तर वाचलेल्या गोष्टीतला एखादा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरल्या भावाचं काय चुकलं? की त्याचं बरोबर होतं? मग मुलाला बोलू द्या आणि मध्ये उपदेश करू नका, हे आपल्याला फार जड जातं पण करून बघा. झोपताना एक स्तोत्र एकत्र म्हणायचं, आठवडाभर तेच. आणि वाटेने चालताना म्हणजे पुण्यात स्कूटरवर, फातिमानगरच्या सिग्नलला पाढे होतात, खरंच होतात, आजूबाजूचे बघतात ते सोडून द्या.

जे आठवड्यातून तीन रात्रीच जमतंय ते तीन रात्री करा. रोजचं टाइमटेबल फ्रिजवर लावणारी घरं पहिल्या महिन्यात गळतात, असं आमचं निरीक्षण.

आजी-आजोबा सांभाळतात मुलांना, त्यांना चालेल का हे?

त्यांनाच जास्त चालेल. बायबलमध्ये तिमथ्य या तरुण शिष्याला प्रेषित पौल लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना आधी लोईस आजीचं नाव घेतो आणि मग आई युनीकेचं. आमच्याकडे दोन-तीन आज्या शनिवारी येतात आणि वचनांची उजळणी त्याच घेतात, जुन्या चालीवर गीतं शिकवतात, आम्हाला त्या चाली येतही नाहीत. फक्त एक विनंती, आजोबा, चुकलं की लगेच चॉकलेट नको.

माझे मिस्टर ख्रिस्ती नाहीत / चर्चला येत नाहीत

या तरीही. तिमथ्याचे वडील ग्रीक होते, प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तसं स्पष्ट आहे. मिस्टरांशी आम्ही आधी भेटून बोलू, त्यांच्या पाठीमागे काही नाही. गणित, इतिहास, वादविवाद यात त्यांना मदत करायची असेल तर आनंदच आहे. घरात आईचं एक आणि बाबांचं एक अशी मुलाची ओढाताण आम्हाला करायची नाही.

इतर धर्माची मुलं येऊ शकतात का? धर्मांतराचा काही प्रकार तर नाही ना?

विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवण्यापेक्षा. येऊ शकतात, पण इथे प्रार्थना आणि बायबल सगळ्या विषयांत आहे, ते बाजूला काढून उरलेलं द्या असं करता येणार नाही, म्हणून आधी येऊन बघा. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आम्ही तसली संस्था नसलो तरी हाच नियम पाळतो आणि संमती लेखी घेतो. पालकच पहिले शिक्षक असं म्हणायचं आणि दुसऱ्याच्या मुलावर त्याच्या आईबापांच्या नकळत काही करायचं, हे एकत्र बसत नाही. आलात तर चहा नक्की मिळेल. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या चहापायी लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं होतं, तेवढा धोका आता नाही.

ज्ञानेश्वरी, महाभारत, ग्रीक कवी होमर हे सगळं ख्रिस्ती मुलांनी का वाचायचं?

यावर आमच्यातच दोन मतं आहेत. माझं मत, वाचायचं, नीट वाचायचं. बायबलमधल्या दानिएलाला बाबेलमध्ये परक्या खास्द्यांची विद्या शिकावी लागली आणि तो त्यात पहिला आला. पौल अथेन्समध्ये ग्रीकांच्याच कवींची ओळ म्हणून दाखवतो. संत ऑगस्टीनने लिहिलंय की इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघताना सोनं घेऊन आले तसं इतरांच्या विद्येतलं जे खरं आहे ते घ्यावं, आणि तो स्वतः ख्रिस्ती होण्याआधी वक्तृत्वाचा मास्तर होता. आपल्याकडे ना. वा. टिळक तर सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबा न वाचता टिळक कसे समजणार? फक्त वयाचं भान ठेवायचं. आधी बायबलची गोष्ट पक्की, मग बाकीचं, आणि वर्गात काय वाचणार ती यादी टर्मच्या सुरुवातीला तुमच्या हातात. एखादं नको वाटलं तर सांगा, आपण बोलू.

लॅटिन शिकवता का?

तिकडच्या शाळांत लॅटिन असतं. आम्ही नाही. व्याकरणाची शिस्त लागायला विभक्ती आणि रूपं असलेली जुनी भाषा हवी, तर संस्कृत आहे की, पुण्यात शिकवणारे गल्लोगल्ली मिळतात. मोठ्या मुलांना नव्या करारासाठी थोडं ग्रीक, जमलं तर.

मराठी की इंग्लिश?

दोन्ही, पण मराठीवर आम्ही हट्टी आहोत. आपल्या समाजात एक गोष्ट झालीय, मुलं इंग्लिश मिडियमला, घरी अर्धं इंग्लिश, चर्चमध्ये युथची उपासना इंग्लिश, आणि आजी मराठी बायबल वाचते ते नातवाला कळत नाही. 'परावृत्त', 'निष्ठा', 'कृपासन' असे शब्द आले की चेहरा कोरा. मग विश्वास एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायचा कसा, दुभाषा ठेवून? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण पासापुरती मराठी वेगळी.

आणि आपल्याकडे काय नाही! फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसाने गोव्यात राहून ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली छापलं. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही मराठीच्या कौतुकाची ओवी त्यातलीच, शाळेत भाषा दिनाला सगळे म्हणतात आणि ती कुणाची हे ख्रिस्ती मुलांनाच माहीत नसतं. ना. वा. टिळकांचं अर्धं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, त्या बाई लग्नानंतर वाचायला शिकल्या होत्या. आमच्या मुलांना ओवी म्हणता येते, आणि थोरल्यांना लिहिताही येते, चांगली-वाईट.

तर्क शिकल्यावर मुलगा उलट बोलायला लागेल ना?

तो तसाही बोलणार आहे, सातवीत आहे. निदान मुद्देसूद बोलेल. आम्ही तर्कदोष शिकवतो तेव्हा पहिला आठवडा घराघरात जड जातो. 'सगळ्यांकडे मोबाईल आहे म्हणून मला पण' यात बहुमताचा दोष आहे हे मूल शिकतं, आणि त्याच संध्याकाळी पप्पा 'मी सांगतो म्हणून' म्हणाले की त्यालाही नाव असतं हे त्याला कळलेलं असतं. एका पप्पांनी मला फोन करून हे काय चालवलंय म्हणून विचारलं होतं. म्हणून आता तो धडा पालकांना आधी देतो. नियम असा की आईवडिलांना प्रश्न विचारायचा तर आधी सांगितलेलं काम करून मग, आणि आवाज खाली ठेवून. आज्ञा पाळणं आणि कारण विचारणं दोन्ही जमतं, क्रम चुकला की वाद होतो.

बोर्डाचं काय? दहावी, नीट, जेईई?

शाळा चालूच आहे, त्यामुळे बोर्डाला धक्का नाही. विज्ञानही बोर्डाचंच, पूर्ण आणि नीट, आम्ही फक्त केप्लरसारख्यांची ओळख करून देतो, जो पाळक व्हायला धर्मशास्त्र शिकत होता आणि ग्रहांच्या कक्षा शोधून गेला. शाळा सोडून पूर्णवेळ घरीच शिकवायचा विचार असेल तर दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) देता येते, त्याला किमान वय १४, किंवा स्टेट बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून. पण ते ठरवताना नीट चौकशी करा, आमच्या भरवशावर दाखला काढू नका. अकरावी-बारावीत क्लासेस लागले की बहुतेक मुलं आमच्याकडची गळतात. वाईट वाटतं, पण कारण कळतं.

मारता का? शिक्षा काय असते?

मारत नाही. शाळांना तर आरटीई कायद्याच्या कलम १७ नेच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे आणि आम्हालाही तेच योग्य वाटतं. मुलाने काही केलं तर त्याच दिवशी तुम्हाला सांगतो, मुलासमोर.

संडे स्कूल आहे की, मग हे कशाला?

संडे स्कूल चर्चचं काम आहे आणि ते हवंच. तिथे गोष्ट कळते. सोमवारी इतिहासाच्या तासाला त्या गोष्टीचं काय करायचं, हे आम्ही बघतो.

फी?

हॉलचा खर्च आणि झेरॉक्स, वाटून. शिकवणारे आपणच.

शिकवणाऱ्यांशी पटलं नाही तर?

पटणार नाहीच कधी ना कधी. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्या माणसाकडे एकट्याने जायचं. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, दुसऱ्या आईला फोन करून 'तुला काय वाटतं गं' असं नाही, आणि जेवताना मुलांसमोर तर अजिबात नाही. तिथे मिटलं नाही तर एक-दोघांना घेऊन बसू. आम्हालाही तोच नियम, तुमच्या मुलाबद्दल आम्ही आधी तुमच्याशीच बोलणार. हे तोंडी सांगून पुरत नाही असं दिसलं, म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर यावर दोघांची सही घेतो.

पहिल्या शनिवारी काय आणायचं?

चौकटीची वही, पेन्सिल, मराठी बायबल, पाण्याची बाटली. पहिले चार शनिवार आई किंवा पप्पांपैकी एकाने पूर्ण वेळ बसायचं, सोडून निघून जायचं नाही. फोर व्हीलर आत येत नाही, टू व्हीलर आणा.